दीडशेच्या इयरफोनमध्ये दीडशे रुपये नेमके कशाचे?

खोक्यावर एमआरपी ९९९, दुकानदार सांगतो दोनशे, आणि जरा नाक मुरडलं की दीडशेला देतो. लॅमिंग्टन रोड असो, पुण्यातली तापकीर गल्ली असो की तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरची मोबाइल शॉपी, प्रकार तोच. ९९९च्या आकड्याला अर्थ नाही हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असतं. पण दीडशेला तरी आहे का? बाजूला दोरीला टांगलेला सत्तरचा आणि काचेच्या कपाटातला सहाशेचा, यांच्यातला फरक आवाजात असेल असं आपण धरून चालतो. तो बऱ्याचदा वायरीत असतो.

आधी आत काय आहे ते बघू. कानात जाणाऱ्या भागात एक ड्रायव्हर असतो, म्हणजे साधारण १० मिलिमीटर व्यासाचा चिमुकला स्पीकरच. मागे लोहचुंबक, त्याच्या फटीत केसाएवढ्या तांब्याच्या तारेचं वेटोळं, आणि वेटोळ्याला चिकटलेला पातळ प्लास्टिकचा पडदा. तारेतून सिग्नल गेला की वेटोळं पुढे-मागे हलतं, पडदा हलतो, आवाज होतो. ही रचना दशकानुदशकं तीच आहे आणि असे ड्रायव्हर यंत्रांवर ढिगाने बनतात, त्यामुळे सुटा ड्रायव्हर महाग नसतोच.

आवाजाचा पोत ठरतो तो ड्रायव्हरभोवतीच्या बारीकसारीक गोष्टींवर. कवचाच्या मागे हवा जायला सुईच्या टोकाएवढं छिद्र असतं. त्यावर चिकटवलेली जाळी किती दाट, पुढच्या नळीची लांबी किती, तोंडावरची जाळी कशाची, यावर बास, म्हणजे खालचे सूर, किती उठणार आणि 'स', 'श' कानाला टोचणार की नाही हे ठरतं. या जाळ्यांची किंमत पैशांत. कोणती जाळी कुठे लावायची, हे मोजून ठरवणारा माणूस मात्र लागतो. तो ज्या कारखान्यात असतो तिथून स्वस्तातही चांगला माल निघतो, आणि नसेल तर महागातही भोंगा निघतो. ध्वनीसंशोधक जेरोएन ब्रेबार्ट यांनी २०१७ मध्ये २८३ हेडफोन-इयरफोनची मोजमापं किमतीशी ताडून पाहिली होती. फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स, म्हणजे कोणता सूर किती जोरात वाजतो त्याचा आलेख, आणि विक्रीची किंमत यांचा मेळ त्यांना सापडला नाही. इयरफोनच्या शौकिनांना याचं फार नवल वाटलं नसावं. व्हीई कंपनीचा मंक प्लस हा चपटा इयरफोन पाच डॉलरच्या आसपास मिळायचा. कवच सेनहायजरच्या जुन्या एमएक्स ५०० च्या घाटाचं, दिसायला अगदी सामान्य, आणि तरी जगभर त्याचं कौतुक झालं.

मग वरचे पैसे जातात कुठे? डावा आणि उजवा ड्रायव्हर मोजून जोडी लावण्यात. वायरीत जास्त तांबं घालण्यात. पिनेच्या मागे जी रबरी शेपटी असते ती खरोखर लवचिक करण्यात. माइक बरा घालण्यात. आणि बिघडला तर बदलून देणारं कुणीतरी ठेवण्यात. सत्तरच्या इयरफोनमध्ये काटछाट होते ती याच पाच ठिकाणी, म्हणून तपासणीही तिथेच करायची.

दुकानात पाच मिनिटं

पहिल्यांदा रबर. कानाच्या नळीत जाणाऱ्या इयरफोनचा बास हा सगळा रबराच्या भरवशावर असतो. रबर आणि कान यांच्यात बारीक फट राहिली तरी खालचे सूर तिथून पळून जातात आणि उरतो तो डब्यातल्यासारखा चिरका आवाज. "बास नाही" म्हणून परत येणाऱ्या बऱ्याच इयरफोनांत बास असतो, रबराचं माप चुकलेलं असतं. दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, इयरफोन आत सरकवा, पाळी सोडा. गाणं चालू असताना बोटाने हलकेच आत दाबा. दाबल्यावर बास एकदम भरून आला तर रबर लहान पडतंय, एक माप वरचं लावा. दोन्ही कानांना वेगळं माप लागणं अगदी नेहमीचं आहे, त्यात संकोच नको. लगे हाथ रबर ओढूनही पाहा. ज्या नळीवर रबर बसतं तिला टोकाशी उठावदार कडा हवी. अगदी स्वस्तात ही कडा नसते, इयरफोन काढताना रबर कानातच राहतं आणि मग ते काढायला डॉक्टरकडे जावं लागतं. एवढ्या एका कारणासाठी तो इयरफोन परत ठेवावा.

चपट्या, नळीत न जाणाऱ्या प्रकारात ही भानगड नाही. पण त्यात बास बेताचाच असणार आणि बाहेरचा गोंगाट आत येणार. रस्त्याने चालताना ही सोयच आहे, लोकलमध्ये मात्र आवाज चढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबलची आहे, आणि दर तीन डेसिबल चढवले की ती वेळ निम्मी होते. ८९ डेसिबलवर आठवड्याचे पाचच तास उरतात. म्हणजे ठाणे-सीएसएमटी रोज करणाऱ्याने नीट बसणारं रबर घेणं ही कानाचीही बचत आहे.

नंतर मोनो. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीत 'मोनो ऑडिओ' असतं, ते चालू करा, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज जातो, आणि एकाच माणसाचं बोलणं लावा, बातम्या चालतील. आवाज बरोबर कपाळाच्या मधोमध उभा राहिला पाहिजे. डावीकडे झुकत असेल तर लगेच दोष देऊ नका. बड, म्हणजे कानात घालायचे भाग, अदलाबदल करून घाला, डावा उजव्या कानात. झुकाव उजवीकडे गेला तर दोष इयरफोनचा. झुकाव डावीकडेच राहिला तर दोष कानाचा, म्हणजे मळ किंवा न बसलेलं रबर. आवाज मधे उभाच राहत नसेल, पोकळ आणि पसरट येत असेल, तर एका बाजूच्या दोन तारा आत उलट्या जोडल्यात. एक पडदा पुढे येताना दुसरा मागे जातो आणि मेंदूला आवाज मधोमध जुळवता येत नाही. हाताने जोडणी होणाऱ्या मालात हे होतं. घेऊ नका.

तिसरी तपासणी सगळ्यात महत्त्वाची आणि तीच कुणी करत नाही. बोलणं चालूच ठेवा. पिन घट्ट धरून तिच्या मागची दोनेक सेंटिमीटर वायर चारही दिशांना वाकवा, मग चिमटीत धरून वळवा. हेच वायरीला दोन फाटे फुटतात त्या सांध्यावर करा, आणि हेच दोन्ही बडांच्या बुडाशी. खरखर झाली, आवाज क्षणभर गेला, की नवा असला तरी परत. रबरी शेपटी दाबूनही पाहा. ती कडक प्लास्टिकची असेल तर नुसती शोभेची. तिने वायरीचं वाकणं लांबवर पसरवायचं असतं. कडक शेपटी वाकत नाही, आणि मग सगळा ताण शेपटी संपते त्या एका बिंदूवर येतो. तांबं एकाच जागी पुन:पुन्हा वाकलं की कडक होतं आणि तुटतं. म्हणून बहुतेक इयरफोन पिनेपाशी किंवा बडाच्या बुडाशी मरतात, मधे क्वचितच.

आवाज शेवटी ऐका, आणि दुकानदाराने लावलेल्या गाण्यावर नाही. तो ढोलाचं काहीतरी मोठ्याने लावणार, आणि मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. दोन इयरफोन तोलायचे तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेपर्यंत फोनवर कमी-जास्त करून घ्या. रोज ऐकता ते रेकॉर्डिंग लावा. साधा अभंग असेल तर उत्तम, कारण त्यात सगळं येतं. पखवाजाच्या डाव्या बाजूचा 'धुम' उठून विरला पाहिजे. तो पुढच्या बोलापर्यंत घुमत राहिला आणि गाणाऱ्याच्या आवाजावर पांघरुणासारखा पसरला तर तो बास जास्त नाही, ढिला आहे. टाळाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू यावा. स्वस्तात टाळ म्हणजे पिठाच्या चाळणीसारखी सरसर होते. आणि 'संत', 'श्रीरंग', 'सखा' असे शब्द आले की दात शिवशिवतात का ते बघा. दात शिवशिवत असतील तर सात-आठ किलोहर्ट्झच्या आसपासच्या टिपेच्या सुरांना जास्त जोर आहे. तासभर ऐकल्यावर डोकं दुखायचं.

घरी आल्यावर फोनवर फुकट मिळणाऱ्या टोन जनरेटरने हळू आवाजात २० हर्ट्झपासून वर चढत जा. ४० ते १५० हर्ट्झच्या पट्ट्यात एका बाजूला भुणभुण ऐकू आली तर पडद्याला केस किंवा धूळ टेकते आहे, नाहीतर गोंद सुटलाय. ते नंतर सुधारत नाही.

खोक्यावरचे शब्द

'२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' हे सगळ्यांच्याच खोक्यावर असतं, आणि किती डेसिबलच्या फरकात हे लिहिलेलं नसेल तर त्याला अर्थ नाही. '१० मिमी ड्रायव्हर' हे माप आहे, दर्जा नाही. 'एक्स्ट्रा बास' म्हणजे मघाचं पांघरूण असण्याची शक्यता जास्त. 'गोल्ड प्लेटेड' पिनेला कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळी हवेत थोडा उपयोग आहे, कारण सोनं गंजत नाही. आवाज मात्र त्याने बदलत नाही, आणि ऐंशी रुपयांच्या पिनेवरचा सोनेरी रंग सोन्याचाच असेल असं नाही. कामाचा आकडा एकच, ओहम, म्हणजे विजेला होणारा रोध. १६ किंवा ३२ असेल तर बहुतेक फोनांवर पुरेसा मोठा वाजतो.

ओहमचा दुसरा उपयोग तपासणीला. मल्टीमीटर असेल तर पिनेचं टोक आणि ग्राउंडचं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या परतीच्या तारेचं, कडं यांच्यात मोजा, मग टोकाच्या पुढचं कडं आणि ग्राउंड यांच्यात. १६ ओहमचा असेल तर दोन्हीकडे १६ च्या जवळपास यावं, आणि महत्त्वाचं म्हणजे दोन्ही आकडे एकमेकांच्या जवळ असावेत. एक १६ आणि दुसरा २० आला तर जोडी लावलेलीच नाही, किंवा एका बाजूची तार अर्धी तुटलेली आहे.

टाइप-सी पिनेचं वेगळंच

जॅक नसलेल्या फोनसाठी आता टाइप-सी पिनेचे वायरवाले इयरफोन दीड-दोनशेला मिळतात. दिसायला सारखे, आत दोन जाती. एकीत पिनेच्या डोक्यात डीएसी नावाची चिप असते, जी फोनच्या डिजिटल आकड्यांचा आवाज करते. दुसरीत चिपच नसते, पिनेतून सरळ तारा जातात, आणि आवाज तयार करून द्यायचं काम फोनवर टाकलेलं असतं. काही फोन ते करतात, बरेच करत नाहीत. आयफोन १५ पासून पुढच्या आयफोनांत टाइप-सी आहे, पण बिनचिपीचा इयरफोन त्यांना चालत नाही. 'माझ्या भावाच्या फोनवर वाजतो, माझ्यावर नाही' यामागे बहुधा हेच असतं.

ओळखायची सोपी रीत अशी: लॅपटॉपच्या टाइप-सी पोर्टमध्ये लावा. चिपवाला असेल तर ऑडिओच्या यादीत नवं उपकरण दिसतं. बिनचिपीचा असेल तर लॅपटॉपला त्याचा पत्ताच लागत नाही. जॅकच्या कन्व्हर्टरलाही हीच परीक्षा. दुकानात लॅपटॉप नसेल तर ज्या फोनला वापरायचा तोच खिशातून काढून लावून बघा, दुसऱ्याच्या फोनवर ऐकून घेऊ नका.

बिघडतो तेव्हा

एक गंमतशीर बिघाड जवळून बघण्यासारखा आहे. अचानक गायक गायब होतो. वाद्यं ऐकू येतात, घुमारा ऐकू येतो, गाणारा विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा. लोक म्हणतात ड्रायव्हर गेला. ड्रायव्हर दोन्ही ठणठणीत असतात, तुटलेली असते ती दोघांची सामाईक परतीची तार, म्हणजे ग्राउंड. परतीची वाट बंद झाली की डावा-उजवा सिग्नल एकमेकांतूनच वाट काढतात आणि दोन्हीकडे फक्त त्यांच्यातला फरक वाजतो. गायक दोन्ही बाजूंना सारखाच रेकॉर्ड केलेला असतो, त्यामुळे फरकात तो शून्य. फुकटात कराओके. पिन फोनमध्ये पुरती बसली नसेल तरीही हेच होतं, तेव्हा आधी फोनच्या जॅकमधला खिशातला कापूस लाकडी टूथपिकने हलकेच काढा आणि पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा.

याच बिघाडाचा एक चुलतभाऊ आहे: माइकचं बटण दाबून धरलं की गायक परत येतो. ते तुटलेलं नाही. चार भागांच्या पिनेत माइक आणि ग्राउंड यांच्या जागांचे दोन रिवाज आहेत. जुना ओएमटीपी, काही जुन्या नोकियांत होता तो, आणि आताचा सीटीआयए. जुन्या रिवाजाचा इयरफोन नव्या फोनला लावला की ग्राउंड माइकच्या जागी जातो. बटण दाबलं की माइक आणि ग्राउंड आत जोडले जातात, म्हणून आवाज सुधारतो. पडून राहिलेला जुना माल फार स्वस्तात मिळाला तर हे तपासा.

गाणं आपोआप थांबतं, मधेच व्हॉइस असिस्टंट उठून बसतो, हा घामाचा प्रताप. अँड्रॉइड फोन बटण ओळखतो ते माइकच्या तारेवरच्या रोधावरून: ७० ओहमच्या खाली म्हणजे प्ले-पॉज, साधारण १३५ म्हणजे असिस्टंट, २४० आवाज वर, ४७० आवाज खाली. माइकच्या डबीत खारट घाम शिरला की तोच अधूनमधून ही बटणं 'दाबतो'. पंख्याखाली दिवसभर वाळवा, तांदळाच्या डब्यात घालू नका, त्याची पूड छिद्रात जाते. आयफोनसाठी बनवलेल्या इयरफोनची आवाजाची बटणं अँड्रॉइडवर चालत नाहीत ती मात्र वेगळ्या कारणाने, त्यांची खुणेची भाषाच निराळी आहे.

एक बाजू हळूहळू मंद होत गेली तर ती तार नव्हे, मळ. तार तुटते ती फटकन, किंवा खरखर करत. रबर काढून उजेडात जाळी बघा. तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडा. सुई घालू नका, जाळीच्या मागे थोड्याच अंतरावर पडदा आहे.

पिनेपाशी तुटलेली वायर दुरुस्त होते. तुटल्या जागेच्या मागे तीनेक सेंटिमीटर कापायचं, वायर सोलायची. आत रंगीत केसांसारख्या तारा निघतात: बहुतेक वेळा लाल उजवी, हिरवी किंवा निळी डावी, तांबूस ग्राउंड, आणि माइकची आणखी एक. रंग सगळीकडे सारखे नसतात, म्हणून मल्टीमीटरने खात्री करा. पहिल्यांदा करणारा हमखास अडकतो तो इथे: या तारांचा रंग म्हणजे लाखेसारखं विद्युतरोधक कोटिंग असतं, त्यावर सोल्डर धरतच नाही. सोल्डरिंगची पेस्ट लावून गरम सोल्डरिंग आयर्नवर सोल्डरचा थेंब करा आणि तारेचं टोक त्यात दोन-तीन सेकंद बुडवून ठेवा. कोटिंग जळून टोक चंदेरी झालं की मग पिनेला जोडा. लायटरने जाळलं तर काजळी धरते आणि बारीक तार जळून जाते. तारांमधला नायलॉनचा धागा कापू नका, त्याची गाठ पिनेच्या पकडीत बसवा, म्हणजे ओढ धाग्यावर येते, तांब्यावर नाही.

दीडशेच्या इयरफोनला हा खटाटोप बाहेरून करून घेण्यात राम नाही, मजुरीच तेवढी होते. हजाराच्याला आहे. आणि हजाराच्या आसपासचे बरेच मॉडेल आता सुट्या वायरीचे येतात, ०.७८ मिलिमीटरच्या दोन पिना किंवा एमएमसीएक्स नावाचं गोल कडं. वायर गेली तर फक्त वायर बदलायची. सहाशे आणि नऊशे यांत घासाघीस करायची वेळ आली तर सुटी वायर असलेला घ्यावा, आवाज थोडा उन्नीस-बीस असला तरी.

हिशेब महिन्यावर करा. १२० चा तीन महिने टिकला तर महिन्याला ४० पडले, ६०० चा दीड वर्ष टिकला तर ३३. पण हा हिशेब तुटण्याचा आहे, हरवण्याचा नाही. दर दोन महिन्यांनी रिक्षात विसरणाऱ्याला १२० चाच परवडतो, आणि मुलाच्या ऑनलाइन शिकवणीला सहाशेचा घेऊन देण्यात शहाणपण नाही. सगळ्यात फसवा भाव मधला, अडीचशे-तीनशेचा. तिथे बऱ्याचदा सत्तरचाच माल चुंबकाच्या झाकणाच्या खोक्यात घालून विकलेला असतो. वायर वाकवून आणि शेपटी दाबून पाहिल्याशिवाय तो घ्यायचा नाही.

खोकं उलटं करून आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीचा फोन छापलाय का बघा. पॅकबंद मालावर हे छापणं वजनमापाच्या २०११ च्या नियमांनी बंधनकारक आहे. पत्ताच नसेल तर खोक्यावरची 'सहा महिने वॉरंटी' कुणाकडे मागणार? पत्ता असेल तर बिल घ्या, बिलावर मॉडेल लिहून घ्या, दाद लागली नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. आणि बदलून द्यायची मुदत किती दिवसांची ते विचारून घ्या. त्या दिवसांत इयरफोन कपाटात नको, रोज खिशात हवा, गुंडाळायचा तो चार बोटांवर सैल वेढे घेऊन. फोनला पिन लावलेली तशीच ठेवून फोनभोवती आवळून गुंडाळला, तर शेपटी संपते तिथली तार त्याच आठवड्यात कडक व्हायला लागते.